कुंदाच्या आवाजातली लोरेन

आमच्या सोसायटीत इंटरकॉमवर कोणी स्वतःचं नाव सांगत नाही. "पाणी आलंय का तुमच्याकडे?" असं थेट सुरू होतं आणि कोण बोलतंय ते आपण ओळखून घ्यायचं असतं. लोरेन मात्र फोन उचलला की आधी "मी लोरेन बोलतो" म्हणायची. सगळ्या मांजरी गावात तिच्यासारखं मराठी बोलणारी दुसरी बाई शोधून सापडली नसती, तरीही. एकदा मी म्हटलं, "अगं, तुझा आवाज काय लपून राहणार आहे?" तर म्हणाली, "माहा आवाज कोणता ते मलेच कधी कधी पक्कं नसते, बाई. म्हणून सांगून ठेवतो." मला वाटलं, चेष्टा करतेय.

लोरेन जन्मली बर्मिंगहॅममध्ये. आईवडील जमैकातून तिथे गेलेले. नवरा सुहास वानखडे, अमरावतीचा, तिकडे पाणीपुरवठ्यात इंजिनीअर. तो निवृत्त झाला तेव्हा त्याची आई थकली होती, दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि विलायतेत जायचं नाव काढलं की ती भाकरी दूर सारायची. अमरावतीत एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मग मधला मार्ग म्हणून पुणं ठरलं आणि पुणं म्हणून मांजरीत फ्लॅट घेतला. मांजरीला पुणं म्हणायला मी अजून तयार नाही. माझा जन्म सदाशिव पेठेतला, शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि मुलाच्या हट्टापायी इथे उसाच्या फडाला लागून असलेल्या इमारतीत येऊन पडले. समोरच्या दारात वानखडे आले, म्हणून मी टिकले. ती दोघं बर्मिंगहॅमला परत गेल्याला आता वर्ष होईल.

उंच, रुंद खांद्यांची, केस अगदी बारीक कापलेले, अंगात खादीचा ढगळ कुर्ता आणि पायात पळायचे बूट. पहिल्यांदा पाहिली ती भाजीच्या टेम्पोपाशी. "काहून वो दादा, काल भेंडी जून दिली मले," असं ती म्हणाली आणि भाजीवाल्याच्या हातातलं माप तसंच राहिलं. मराठी ती सासूकडून शिकली होती, दर उन्हाळ्याच्या सुटीत अमरावतीच्या स्वयंपाकघरात बसून. तिकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात, तशीच ही म्हणायची. आमचे चेअरमन एकदा प्रेमाने तिला सुधारायला गेले. "मॅडम, 'जाते' म्हणायचं, 'जाते'." लोरेन म्हणाली, "आमच्या सासूबाईले सांगा आधी. त्या म्हणतील तर मी बी म्हणतो." चेअरमन पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

ती गायिका होती हे आम्हाला गणपतीत कळलं. सुहासने कोणाजवळ तरी बोलून टाकलं, की ही तरुणपणी तिकडे नाचाच्या गाण्यांची गायिका होती, क्लबांमधून हिची गाणी वाजायची. मग काय, सांस्कृतिक समितीने तिला कार्यक्रमात बसवलंच. तिने एक ओळ म्हटली. मग तीच पुन्हा म्हटली. ढोल पथकातली दोन मुलं तिच्यामागे ठेका धरून होती, आणि ती तीच ओळ कधी दाबून, कधी मोकळी सोडून म्हणत राहिली. पहिल्यांदा लोक एकमेकांकडे बघत होते, थोड्या वेळाने मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या, आणि शेवटी आमचे गुडघ्याचं ऑपरेशन झालेले खजिनदारही खुर्चीत बसून खांदे उडवायला लागले. संपल्यावर चेअरमन म्हणाले, "वा वा. आता पुढचं कडवं होऊ द्या."

"पुढचं कडवं नाही," लोरेन म्हणाली. "एवढंच हाय. एवढ्यावरच सात-आठ वर्षं जेवलो मी."

त्या दिवसानंतर ती माझ्याकडे दुपारी चहाला यायला लागली आणि तुकड्यातुकड्यांनी मला सगळं सांगत गेली. चर्चमध्ये गाणारी मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची. दोन पोरांनी तळघरातल्या एका खोलीत यंत्रं मांडली होती, तिथे तिला नेलं. तिने एक अख्खं गाणं म्हटलं. पोरांनी त्यातली एक ओळ ठेवली, बाकीचं कापून टाकलं, आणि ती ओळ फिरवून फिरवून त्यावर ठेका बांधला. ते गाणं चाललं. रेकॉर्डवर नाव त्या पोरांचं. मग शनिवारी ती एका रात्रीत तीन-तीन क्लब करायची. पर्समध्ये ठेक्याची सीडी, अंगावर चमचमता ड्रेस, कपडे बदलायला बिअरच्या क्रेटांमागची जागा. ती सीडी लावायची, आपली ओळ म्हणायची, आणि गाडीत बसून पुढच्या गावाला. "लोकायले माही ओळ तोंडपाठ होती बाई, पण रस्त्यात कोणी वळखलं नाही कधी," असं हसत सांगायची. तक्रार म्हणून नाही.

ती गाणी चालेनाशी झाली, तेव्हा तिला वेगळं काम मिळायला लागलं. जुन्या रेकॉर्डमधली एखादी ओळ असल्या पोरांना हवी असायची, पण ती रेकॉर्ड ज्यांची ते द्यायला तयार नसत. मग एखादी मुलगी बोलावून तीच ओळ हुबेहूब गाऊन घ्यायची. गाणं लिहिणाऱ्याला विचारलं की पुरे. जिने ते मुळात गायलं, तिला विचारायची गरज उरत नाही. कायद्यात ते बसतं म्हणे. लोरेन या कामात एक नंबर होती. तिने मला एकदा माझाच आवाज ऐकवला, "मुलांनो, नकाशे काढा" एवढंच. मला राग आला. मी एवढी खेकसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, हे जमतं कसं? "आवाज कोणी बी काढते. माणूस श्वास कुठी घेते अन् कोणता शब्द गिळते, ते पाहा लागते," ती म्हणाली.

ते काम तिने सोडलं कसं, ते मात्र तिने एकदाच सांगितलं, माझ्याकडे पाठ करून कप विसळताना. एका कार्यक्रमात एक म्हातारी गायिका पाहुणी होती. तिच्या तरुणपणच्या एका ओळीची नक्कल लोरेनने केली होती, आणि ते नवं गाणं तेव्हा गल्लोगल्ली वाजत होतं. म्हातारी भाषणात हसत हसत म्हणाली, "मी दुकानात बटाटे निवडत होते आणि वर स्पीकरमधून मीच गात होते. पण हे मी कधी गायले ते काही केल्या आठवेना. घाबरले. मुलीला म्हटलं, मला विसर पडायला लागला गं, डॉक्टरकडे ने. गेले, तपासण्या केल्या." लोक हसले. लोरेन हातात खाण्याची बशी घेऊन तिसऱ्या रांगेत उभी होती. नंतर म्हातारी तिच्या शेजारून गेली, छान कुर्ता आहे म्हणाली, आणि लोरेनने थँक्यू म्हटलं. एवढंच बोलली. त्यानंतर तिने मुलांच्या शाळेत जेवण वाढायची नोकरी धरली आणि स्टुडिओत परत पाऊल टाकलं नाही. "मी थांबवून सांगायले पाह्यजे होतं तिले, की तुह्या डोक्यात काही बिघडलं नाही, ती मी होतो. एवढं तर माहं काम होतं." मी म्हटलं, "जाऊ दे गं, किती वर्षं झाली." मला अशा वेळी हे एकच वाक्य सुचतं.

सुहासची एकच बहीण, कुंदा, अकोल्याची. नवरा दारूत गेला, तिने शाळेत नोकरी करून मुलगी वाढवली. ती दर रविवारी दुपारी आईला फोन करायची. सुहास फोन स्पीकरवर टाकून आईच्या उशाशी धरायचा. फोन अगदी मोजका. "जेवली का? गोळी घेतली का? पाय दुखते का? बरं, ठेवतो." त्यात कुठे वाकडा शब्द नाही आणि लाडाचाही नाही. म्हातारी मात्र शुक्रवारपासून वाट बघायची.

कुंदा अचानक गेली. शाळेतून घरी आली आणि गेली. आईचं हृदय तेव्हा इतकं कमजोर झालं होतं, की धक्का बसेल असं काही कळू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. कोणी ठरवत नाही, कोणी विरोध करत नाही, सगळं घर आपोआप गप्प होतं. सुहास मित्राकडे कार्य आहे सांगून अकोल्याला जाऊन आला. सुतकात देवाला दिवा लावायचा नाही, पण म्हातारीला दिसत नसलं तरी उदबत्तीचा वास नाही आला तर ती विचारणार. म्हणून ते तीन दिवस मी समोर जाऊन त्यांच्या देवापुढे उदबत्ती लावली आणि पाय न वाजवता परत आले. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. उलट आपण किती शेजारधर्म पाळतो असंच वाटलं.

रविवार आला. म्हातारी दुपारभर विचारत राहिली. सुहासने सांगितलं, कुंदाच्या घशाला सूज आहे. पुढच्या रविवारी म्हातारी जेवलीच नाही. त्या संध्याकाळी तो बायकोपुढे हात जोडून बसला. लोरेन आधी नाही म्हणाली, मग पुन्हा नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आली. स्वतःच्या घरातून बोलणं शक्य नव्हतं, आवाज भिंतीपलीकडे गेला असता. तिने ओट्याशी उभं राहून स्पीकरवर सुहासचा नंबर लावला, कुंदासारखं नाक किंचित ओढलं आणि म्हणाली, "आई, जेवली का वो?"

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. कुंदाला मी दोनदा भेटले होते, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. पलीकडून म्हातारी रडायलाच लागली. "कुंदे, होती कुठी तू? घसा बसला म्हने." लोरेनने दोन-चार प्रश्न विचारले आणि "बरं, ठेवतो" म्हणून फोन बंद केला. मग बराच वेळ नळाखाली हात धरून उभी होती. मी म्हटलं, "त्या जेवतील आता. बरं केलंस." आणि त्या जेवल्याही. पाच-सहा महिने हे असं चाललं. रविवारी आमच्याकडे वरण-भात उरकला की लोरेन यायची. मी तिच्यासाठी दाराची कडी काढूनच ठेवायचे.

एका रविवारी म्हातारीने सुहासला पाणी आणायला बाहेर पाठवलं. ते आम्हाला फोनवर ऐकू आलं. मग ती हळू आवाजात बोलायला लागली.

"कुंदे, मले आता लई दिवस नाहीत. एक बोलाचं होतं. तू आली होती पाहा, पाठीवर वळ घेऊन, कडेवर एवढीशी पोट्टी. अन् मी तुले रातच्याला जेवू घातलं नं सकाळच्या पहिल्या गाडीत परत बसवून दिलं. लोक काय म्हणतील म्हणून. तू गाडीतून माह्याकडं पाह्यलं बी नाही. मग तू सगळं केलं माहं, पण त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. मले ते खाते कुंदे. एकडाव म्हण, माफ केलं म्हणून."

लोरेनने फोनवर हात दाबला. तिने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला चांगला आठवतो. तिला ते वाक्य येत नव्हतं असं नाही. म्हणू की नको, हे तिला त्या क्षणी कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं. पलीकडे म्हातारी "कुंदे, ऐकून राह्यली का?" विचारत होती. मला त्या म्हातारीची इतकी दया आली, की मी विचारसुद्धा केला नाही. मी मान हलवली. म्हण म्हणून.

लोरेनने हात काढला. "हो आई," ती कुंदाच्या आवाजात म्हणाली, "केलं कवाचंच. तू झोप आता."

म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि खरंच झोपली. महिन्याभरात ती गेली, झोपेतच. सगळे म्हणत होते, शांत मरण आलं. त्या महिनाभर लोरेन माझ्याकडे येत राहिली, पण चहा अर्धा टाकून जायची. "पहिले ज्या ओळी चोरल्या, त्या त्यायनं गायल्या तरी होत्या," एवढं एकदा बोलली. मी पुन्हा म्हटलं, जाऊ दे गं.

तेराव्याला कुंदाची मुलगी प्राची नागपूरहून आली. तिकडे बँकेत असते. आईच्या पाठीवर वळ होते तेव्हा कडेवर होती ती हीच. वानखड्यांचं घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून तिची सोय माझ्याकडे केली होती. सुहासने लोरेनला बजावून ठेवलं होतं, पोरीला यातलं काही सांगू नको, उगाच तिला त्रास. सकाळी मी पोहे करत होते आणि प्राची टेबलाशी मोबाइल बघत बसली होती. लोरेन आली, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. फोन कसे केले, कुठून केले, आणि शेवटी म्हातारीने काय मागितलं आणि तिने काय दिलं. स्वतःच्या आवाजात, एकही शब्द न गाळता.

फोनचं ऐकून प्राची रागावली नाही. "इट्स ओके मामी, आजी जेवली तरी," म्हणाली. पण पुढचं ऐकताना तिने मोबाइल पालथा ठेवला.

"आईनं आजीचं सगळं केलं," ती म्हणाली. "फोन केले, दिवाळीला गेली, आजारपणं काढली. ती एक गोष्ट मात्र तिनं दिली नाही. मी किती वेळा म्हटलं तिला, आई, सोड ना आता, लेट इट गो. ती म्हणायची, माझ्याकडून सगळ्यांनी सगळं घेतलं, तेवढं एक माझ्यापाशी राहू दे." तिने मान वर करून लोरेनकडे पाहिलं. "तेवढंच होतं हो तिच्याकडे. ते तुम्ही देऊन टाकलंत."

लोरेन म्हणाली, "हो."

"मामानं सांगितलं होतं का तसं म्हणायला?"

"नाही. त्यायले माहीत बी नव्हतं तवा."

"मग कोणी?"

मी गॅसपाशी उभी होते. पोहे खाली लागायला लागले होते, त्याचा वास मला येत होता. बोलायला एक क्षण पुरला असता. लोरेन माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "कोणीच नाही," ती म्हणाली. "मी माह्या मनानं बोललो."

प्राची उठून आतल्या खोलीत गेली. मी गॅस बंद केला आणि करपलेले पोहे तीन बश्यांत वाढले.

दुपारी गोडाचं जेवण झालं, सुतक संपलं, आणि स्टेशनला जायची गाडी गेटवर आली. प्राची रीतीची मुलगी. जमलेल्या सगळ्या मोठ्या माणसांना तिने एकेक करून वाकून नमस्कार केला. मामाला, मामाच्या चुलत्याला, चेअरमनलाही. मग माझ्यापाशी आली. "बाई, तुम्ही खूप केलंत आजीसाठी. मामा सांगत होता," म्हणाली आणि माझ्या पायाशी वाकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि "सुखी राहा" म्हटलं. माझ्यानंतर लोरेन उभी होती. तिने आशीर्वादासाठी हात थोडा उचलला होता. प्राची तिच्यासमोर थांबली, खांद्यावरची बॅग सारखी केली, आणि न वाकता गाडीत जाऊन बसली.

सगळे आत गेले. आम्ही दोघी गेटवर राहिलो. मी मोठ्या मुश्किलीने विचारलं, "लोरेन, तू माझं नाव का नाही घेतलंस?"

ती गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत होती. "तुमी कुठी काय बोलल्या होत्या, बाई," ती म्हणाली.

टोमणे ओळखण्यात माझा जन्म गेला आहे. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. ती जिना चढून वर गेली, पाहुण्यांच्या गाद्या आवरायला, आणि मी तिला हाक मारली नाही.